बाबांची सव्वासातची बस

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळचे आठ वाजले, तरी बाबा फिरून आले नव्हते. ते पावणेआठच्या पुढे कधी बाहेर राहत नाहीत...

आम्ही पुण्याजवळ पुनावळ्यात राहतो. आजूबाजूला इतकी कॉलेजं झालीत, की आमच्या बिल्डिंगमध्ये कुटुंबं कमी आणि मुलामुलींचे फ्लॅट जास्त. रस्त्याला लागलं की मेस, झेरॉक्स, मोमोजची गाडी, पुन्हा मेस... लिफ्टमध्ये कुणाची तरी सॅक कायम पाठीला लागते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये या मुलांची तक्रार करणाऱ्यांत मी पुढे असायचे, हे आधीच कबूल करते.

आदल्याच दिवशी परीक्षा संपून सगळे आपापल्या गावी गेले होते. मेस बंद, जिना रिकामा. खरं सांगायचं तर मला ती शांतता फार आवडली होती.

माझे बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. तेहतीस वर्षं कंपनीत मशीनवर काढली. वर्षभरापासून त्यांचं विसरणं वाढलंय, कधी कधी मला आईच्या नावाने हाक मारतात. पण सकाळी सातला खाली उतरायचं आणि एक चक्कर मारून परत यायचं, यात कधी चूक नाही. म्हणून मी निर्धास्त होते...

बाग बघितली. नदीकडचा रस्ता, हायवेखालचा अंडरपास, सगळीकडे धावले. मोबाइल ते घरीच विसरले होते. नवरा फर्स्ट शिफ्टला गेलेला, त्याला फोन केला, तो निघाला. पोलीस चौकीत द्यायला फोटो हवा म्हणून मी वर आले, तर घाईत किल्ली कुलपात जाईना.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. तिथे चार मुली राहतात. तिघी गावी गेलेल्या, एकीचा विषय राहिला होता म्हणून ती थांबलेली. प्रणाली, जालन्याकडची. दीड वर्षात मी तिच्याशी कचऱ्याच्या बादलीशिवाय कशावरही बोलले नव्हते.

"काकू, काय झालं?"

"बाबा सापडत नाहीयेत गं."

ती म्हणाली, "आज स्टॉपवर कुणीच नसंल ना..."

मला काहीच कळेना. तेव्हा तिने सांगितलं. बाबा रोज सर्व्हिस रोडवरच्या स्टॉपवर जातात. तिथे कॉलेजच्या बससाठी दहा-पंधरा मुलं उभी असतात. सव्वासातला चाकणच्या एका कंपनीची बस येते आणि बाबा ती आपल्याच कंपनीची समजून चढायला निघतात... कामावर जायला. मुलं त्यांना सांगतात, आजोबा, आज सुट्टी आहे. बाबा मान डोलावतात, मग कुणीतरी त्यांना आमच्या गेटपर्यंत आणून सोडतं.

"सहा महिने झाले, काकू. मला वाटलं, तुम्हाला माहीत असंल."

मला माहीत नव्हतं.

म्हणजे आज त्यांना सुट्टी आहे असं सांगणारं कुणी नव्हतं. बाबा बसमध्ये चढले असणार... बसवरचं कंपनीचं नाव प्रणालीला पाठ होतं. नेटवरच्या नंबरवर फोन लावला, तर नुसतं रेकॉर्डिंग वाजत होतं. "चला, जाऊन बघू," ती म्हणाली आणि स्कूटीची चावी घेऊन आली.

मोशीपर्यंत ट्रॅफिकने जीव नकोसा केला. कंटेनर, डंपर, मधूनच घुसणाऱ्या टू-व्हीलर. चाकणला न उतरता ते मध्येच कुठे उतरले असतील तर... हायवे ओलांडायला गेले असतील तर... मी तिचा खांदा इतका घट्ट धरला होता, की शेवटी ती म्हणाली, "काकू, थोडं सैल सोडा, वळवता येईना."

कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये बाबा खुर्चीत ताठ बसले होते, समोर चहाचा कप. मला एकदम रडूच आलं. गार्ड म्हणाला, "मॅडम, ड्रायव्हर बदलीचा होता, त्याला वाटलं नवीन कामगार आहेत. आम्ही घरचा नंबर विचारतोय, तर बाबा त्यांचा टोकन नंबर सांगतात."

"बाबा, चला घरी," मी म्हटलं.

"शिफ्ट टाकून येऊ व्हय? खाडा लागंल."

मी हात धरला, तर त्यांनी झिडकारला. आवाज चढला. मी विनवण्या करत होते आणि ते माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसे बघत होते.

प्रणाली माझ्या मागून पुढे आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली. "आजोबा, आज सुट्टी आहे. बोर्डावर लावलंय."

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "असं व्हय. आधी सांगायचं न्हाई का..." आणि उठले.

तोवर माझा नवरा कार घेऊन पोचला; निघतानाच त्याला तिकडे यायला सांगितलं होतं. बाबांना बसवलं, तेव्हा प्रणाली घड्याळ बघत म्हणाली, "काकू, मी निघू का? अकराला पेपर आहे." मला तिथेच उभ्या उभ्या धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. एवढा वेळ पेपरबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती.

दहा मिनिटं उशिरा पोचली. बसू दिलं. पेपर बरा गेला म्हणते, खरं काय ते निकालाच्या दिवशी कळेल...

गेल्या सोमवारी कॉलेज सुरू झालं. लिफ्टमध्ये गाद्या, बादल्या, आईने दिलेले डबे. सकाळी सातला मीही बाबांबरोबर स्टॉपवर गेले. चारही बाजूंनी हाका आल्या... "आजोबा, कसे आहात?", "आजोबा, बारीक झालात." बाबा प्रत्येकाला जयभीम करत होते. एका मुलाने मला जागा दिली आणि विचारलं, "तुम्ही आजोबांच्या कोण?"

मुलगी आहे, म्हटलं. आणि सहा महिने उशिरा त्या सगळ्यांचे आभार मानले.