रिव्ह्यूअर टूला नको असलेली मदत

"तिचं अभिनंदन कर. आता हा पेपर खऱ्या अर्थाने इंटरनॅशनल झाला," रेमंड म्हणाला आणि कॉफीचा घोट घेतला. मी स्क्रीनकडे बघत होते. माझी कानशिलं तापली होती.

सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या आमच्या ऑफिसातून मानसशास्त्राचं एक जर्नल निघतं. रेमंड मुख्य संपादक, मी मॅनेजिंग एडिटर. म्हणजे आलेला पेपर त्या विषयातल्या दोन तज्ज्ञांकडे पाठवायचा, त्यांची मतं लेखकाला कळवायची आणि दोन्हीकडची भांडणं आपण झेलायची. या तज्ज्ञांना रिव्ह्यूअर म्हणतात. त्यांची नावं लेखकाला कळत नाहीत, त्यामुळे काहींच्या अंगात येतं.

पेपर होता इरिना पेत्रोव्हना यांचा. सैबेरियातल्या एका विद्यापीठात, शिकणं जड जाणाऱ्या मुलांसाठी त्या लॅब चालवतात. विद्यापीठाचं फर्मान होतं की यंदा आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर आला नाही तर लॅबला टाळं.

त्यांची पद्धत रशियात जुनी, मुरलेली. मुलाला कोडं द्यायचं. ते अडलं की परीक्षकानेच मदत करायची. आधी नुसता इशारा, मग थोडं करून दाखवायचं. किती मदतीने मूल पुढे सरकतं, तेच मोजायचं. मुलाला आज काय येतं यापेक्षा उद्या काय येऊ शकेल, हे त्यातून कळतं.

यावर रिव्ह्यूअर टूचा शेरा: परीक्षकाने मुलांना उत्तरं सांगितली आहेत, ही गंभीर चूक आहे, मदतीचा सगळा भाग काढावा. शिवाय संदर्भांत घालायला त्याने लेख सुचवले होते. ते लेख कोणाचे होते हे सांगायला नकोच.

बाईंनी तो भाग मुकाट्याने कापला होता. जेवण काढून टाकून ताट घासूनपुसून समोर ठेवावं, तसा स्वच्छ पेपर आला होता. काही मुलांना कोडं सुटलं, काहींना नाही. बस.

मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण चढलाच. त्या मात्र शांत होत्या.

"छापून टाका," त्या म्हणाल्या. "लॅब टिकली तर खरा पेपर नंतर लिहीन."

"तोही हाच माणूस कापेल."

मग त्यांनी एका मुलीबद्दल सांगितलं. शाळेने तिला शून्य देऊन घरी बसवलं होतं. लॅबमध्ये ती आता वाचायला शिकते आहे. "तुमचं तत्त्व मला कळतं. पण लॅब बंद झाली तर ती कुठे जाईल?"

मला राग नेमका कोणाचा आला होता, ते अजून सांगता येत नाही. सगळ्यांचाच आला होता. रेमंडशी वाद घातला, तर तो नियम दाखवत बसला. मग मी वाद सोडला आणि दुकानातून दोन लाकडी टँग्रॅम आणले. सात तुकडे जुळवून चित्र करायचं, ते.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी एक रेमंडसमोर ठेवला. दुसरा आमच्या लेआउटवाल्या मेलिंगसमोर. म्हटलं, हंस करा. दोघांनाही जमेना. मी ठसक्यात जाहीर केलं, "दोघांनाही शून्य."

मग दोघांना एकच इशारा दिला, की मोठे त्रिकोण पाठीला पाठ लावून ठेवा. मेलिंगने बघता बघता हंस उभा केला. "सोप्पं होतं, लाह," असं सिंगापुरी लकबीत म्हणत ती फोन बघू लागली. रेमंड हातातला तुकडा फिरवतच राहिला.

"आता तुम्ही दोघं सारखेच का?" मी विचारलं.

रेमंडचा चेहरा लाल झाला. "मला अजून एक हिंट दिली असतीस, तर माझाही झाला असता."

"रिव्ह्यूअर टू देऊ देत नाही."

मेलिंगने फोनमागे तोंड लपवलं. रेमंडने तो तुकडा हळूच टेबलावर ठेवला आणि मूळ पेपर मागवला.

पेपर रिव्ह्यूअर टूकडून काढून दुसऱ्या तज्ज्ञाकडे गेला आणि मदतीच्या भागासकट वर्ष संपायच्या आत छापून आला. लॅब चालू आहे. जर्नलचा दर्जा घसरल्याची मेल रिव्ह्यूअर टूने पाठवली. ती मी मोठ्याने, अभिनयासह वाचून दाखवली.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकले. बॉसला एखादी गोष्ट पटवायची असेल तर पुरावे देत बसू नये. त्याला एकदा, चारचौघांत, नापास करावं.