पाइप कापलेला होता, तरी काटा उडाला

तुमच्या या सदरात लोक चकव्याचं लिहितात, पिंपळावरच्या बाईचं लिहितात. मी वाचतो अन् हसतो. राग आला तर येऊ द्या. आमच्या घरात हे काही चालत नाही. माझ्या बापानं छप्पन साली घरातले देव टोपल्यात भरून बोडीत, म्हणजे गावतळ्यात, शिरवले, तेव्हापासून अंगारा नाही, धागा नाही. मी चौथी शिकलो, तीही धड नाही. पण अठ्ठावीस वर्षं नगरपरिषदेच्या आगीच्या बंबावर काढली — पहिले ड्रायव्हर, मग पंप ऑपरेटर. जळालेली माणसं या हातांनी उचलली आणि तेच हात धुऊन जेवलो. कधी कोणी स्वप्नातही आलं नाही.

जे सांगतो ते भर दुपारी, दोन-तीनशे माणसांसमोर घडलं. मी दारू पीत नाही. खर्रा खातो, पण त्यानं काही दिसत नाही.

जागा तिरोड्याहून चोरखमाऱ्याकडे जाताना लागते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून माझ्या नावानं शिव्या आहेत. गावाबाहेर तेंदूपानाचं एक मोठं गोदाम होतं, वरून टिनाचं. त्याच्या एका अंगाला बोडी, दुसऱ्या अंगाला टोली — पंधरा-वीस घरं, कौलारू, कवेलूची, प्रत्येकाच्या मागे तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग. मे महिना. वारा गोदामाकडून टोलीकडे. एवढ्यावरूनच काय झालं असेल ते समजून जा.

पण त्याआधी काट्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बंबाच्या मागे पंप असतो. तिथून पाइप निघतो तो आगीपर्यंत जातो. त्याच्या टोकाला पितळी तोटी, तिला आम्ही ब्रँच म्हणतो. ती धरणारा माणूस धुरात, अन् मी पंपाजवळ — मध्ये शंभर-दोनशे फूट. शिट्टी ऐकू येत नाही, हात दिसत नाही. एकदा राईस मिलच्या आगीत असंच झालं, आम्ही दोघं एकमेकांना ओरडून ओरडून घसा फाडून बसलो. तेव्हा आमचा ब्रँचवाला सुखदेव, त्यानं युक्ती काढली. ब्रँच फटकन बंद करून उघडली की माझ्याजवळच्या प्रेशरच्या गेजमध्ये काटा उडतो. दोनदा उडाला — पाणी वाढव. तीनदा उडाला, थांबला, परत तीनदा — मी फसलो, काढ. हे आमच्या दोघांतलं होतं. साहेबाला माहीत नव्हतं, कोणत्या पुस्तकात नव्हतं. वीस वर्षं आम्ही असेच बोललो, काट्यानं.

तर त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गोदाम पेटलं होतं. जळती पानं थव्यानं उडून राहिली होती. आम्हाला यायला उशीर झाला होता — का झाला ते आता सांगून काय उपयोग. लोकांनी पहिला गोटा बंबाच्या काचेवरच हाणला. काच माझ्या मांडीवर पडली. शेजारी बसलेल्या आमच्या साहेबाच्या कपाळातून रक्त.

मी शिव्या खातखात बंब बोडीच्या काठावर लावला. मे महिन्यात बोडीत कंबरभर पाणी, बाकी गारा, नुसता चिखल. आमची पद्धत अशी की पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड बांबूच्या टोपल्यात बसवायचं, म्हणजे गाळ पंपात जात नाही. ते केलं. सुखदेव ब्रँच खांद्यावर घेऊन उभा. सोबत किसन, आमचा दुसरा फायरमन.

सुखदेव म्हणे, "भाऊ, पानी देजो गा. मांगच्या वेळेसारखा गाळाचा चहा नको पाठवू."

मी म्हटलं, "तू तोटी धर. पंपाले शिकवू नको."

तो हसला अन् टोलीकडच्या दारातून आत गेला. हे ध्यानात ठेवा — तो टोलीसाठीच आत गेला होता. तिकडची पोती भिजवली तर आग घरांपर्यंत जाणार नाही, असं त्याचं गणित. गणित बरोबर होतं.

दहा मिनिटं काटा नीट होता. मग मोठा आवाज झाला अन् मधलं टिनाचं छत खाली बसलं. धुराचा असा लोंढा आला की दारही दिसेना. त्यातून एक खाकी कपड्यातला माणूस पळत निघाला, पाठ पेटलेली, अन् सरळ बोडीत जाऊन पडला. लोक ओरडले, "निंगाला! निंगाला!"

तो किसन होता. पण तोंड काळं, कपडे जळालेले, कोण ओळखतो? त्याला बेशुद्धच उचलून कोणाच्या तरी जीपमध्ये टाकलं. दुसऱ्या बाजूनं कोणी म्हणे, आणखी एक निघाला, मागच्या अंगाला बसला आहे. साहेबानं मान्य केलं. मीही केलं. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात टोलीतला पहिला तनसाचा ढीग पेटला.

मग जे झालं त्याला मी गर्दी म्हणत नाही. ती आगच होती, पायावर चालणारी. बाया रडून राहिल्या, माणसं बंबाला दोन्हीकडून धरून गदगदा हालवून राहिली. हिरालाल नावाचा एक शेतकरी, हातात कुऱ्हाड, डोळे लाल.

"ओ बंबवाल्या! सेठाचं गोदाम जरू दे ना! आमची घरं जरून रायली, तिकडे ने गाडी!"

साहेब गोंदियाचा, रागात हिंदीवर यायचा. "दोनो निकल गए! पाइप छोड, गाडी टोली में ले!"

मी म्हटलं, "पाइप काढाले दोन मिनिट..."

हिरालालनं दोन मिनिटं दिली नाहीत. त्यानं कुऱ्हाड उचलली अन् पाइप तोडला. बंबापासून सात-आठ हातांवर. भरल्या दाबाचा पाइप — तुटलेलं तोंड उडालं अन् एका माणसाच्या तोंडावर बसलं, तो तिथंच पडला. पाण्यानं आणखी दोघं आडवे केले. मी व्हॉल्व्ह बंद केला. पंप गिअरमधून काढला. काटा शून्यावर आला.

हे नीट ऐका. पंप सुटा. व्हॉल्व्ह बंद. पाइपाचे दोन तुकडे, मध्ये चिखल. काटा शून्यावर. मी बोडीतला पाइप खोलायला स्पॅनर लावला, गाडी टोलीकडे न्यायच्याच तयारीत होतो.

अन् काटा उडाला.

एक. दोन. तीन.

मी स्पॅनर तसाच धरून उभा राहिलो. वाटलं, लोक बंब हालवून राहिले त्यानं झालं असेल. पण त्याच्या शेजारी दुसरं गेज असतं, पाण्याच्या ओढीचं. त्याचा काटा मेल्यासारखा पडून होता. अन् हा — थांबला. श्वास घ्यावा इतका थांबला. मग परत. एक. दोन. तीन.

"सुखदेव अंदर आहे!" मी ओरडलो. "साहेब, काटा पाहा!"

साहेबानं पाहिलं नाही. माझी कॉलर धरून मला केबिनकडे ओढू लागला. "पागल हो गया क्या? चाबी लगा!"

मी त्याला ढकललं. तो पडला. साहेबाच्या अंगावर हात टाकायची माझी पहिलीच वेळ. मग लोकांनी मला धरलं. पाठीत काठी बसली, कानाखाली बसली, कोणी पोटात लाथ घातली. मी पंपाच्या दांड्याला मिठी मारून राहिलो. माझ्या नाकातलं रक्त गेजच्या काचेवर उडालं, अन् त्या रक्ताच्या मागे काटा — तीन, थांब, तीन.

हिरालाल माझी बोटं सोडवू लागला. "काऊन हालत नाई बे, बुढ्या? कायले आमचे जीव घेऊन रायला?"

मी स्पॅनर फिरवला. त्याच्या जबड्यावर बसला. हाड तुटल्याचा आवाज मी ऐकला. तो गुडघ्यावर आला, तोंडातून रक्त अन् दात. लोक दोन पावलं मागे सरले, तेवढी जागा मला पुरली. बंबाची चाबी खिशात घातली — कोणाला नेता येऊ नये म्हणून — ओलं पोतं डोक्यावर घेतलं अन् तुटलेल्या पाइपाचं दुसरं टोक चिखलातून उचलून, त्याच्या मागोमाग, हातानं चाचपत आत गेलो.

चाबी मी खिशात घातली हे लिहायची गरज नव्हती. पण लिहितो.

आत डोळे उघडता येत नव्हते. पाइप एका ठिकाणी जळून संपला. तिथून पाच-सहा हातांवर टिनाखाली बूट लागला. सुखदेव होता. टीन इतकं तापलं होतं की माझ्या तळहाताची कातडी त्यालाच चिकटून राहिली. त्याच्या बगलेत हात घालून ओढला. बाहेर आलो तेव्हा लोकांना वाटलं मी मुडदा आणला. तरी एक गोटा पाठीत बसलाच. मग सुखदेव खोकलला, अन् एक बाई ओरडली, "जिता आहे रे!"

तोवर टोलीतली सात घरं गेली होती. माणूस कोणी मेला नाही. हिरालालच्या गोठ्यात बैलजोडी बांधलेली होती, ती दाव्यावरच जळाली.

गोंदियाच्या दवाखान्यात सुखदेव आठव्या दिवशी नीट बोलू लागला. मी दोन्ही हातांना पट्ट्या बांधून त्याच्या खाटेजवळ बसलो होतो. म्हटलं, "लेका, बरं झालं झटके देल्ले. नाहीतर मी निंगालो होतो."

तो म्हणे, "कोनते झटके?"

"तीन-तीन. काट्यावर."

"भाऊ, टीन डोक्यात पडली तवाच मी गेलो. ब्रँच हातातून कवाची सुटली. मले काहीच याद नाही."

मला वाटलं धक्क्यानं विसरला. पण पंचनाम्यात ब्रँच सापडली ती गोदामाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जळालेल्या पोत्यांखाली. तिची दांडी उघडी, उघडीच जाम झालेली. तिला कोणी बंद केलं नव्हतं. अन् केलं असतं तरी काय? मध्ये पाइपच नव्हता.

चौकशी झाली. साहेबावर हात टाकला म्हणून मला सहा महिने घरी बसवलं. चौकशीवाल्या अधिकाऱ्यानं काट्याचं ऐकून पेन खाली ठेवला. म्हणे, "गाडी लोक हलवत होते, काटा हलला. सोपं आहे."

सोपं असेल त्याला. मी हट्टी माणूस. कामावर परत आलो तेव्हा तोच बंब, तोच पंप घेऊन एका रविवारी बोडीवर गेलो. पंप सुटा ठेवला, व्हॉल्व्ह बंद, पाइप कापलेला लावला. आठ माणसं लावून बंब गदगदा हालवला. दोन्ही काटे केसाएवढे थरथरले, बस. सुखदेवला काठी टेकत आणलं होतं, त्यानं पलीकडच्या तुकड्यावर ब्रँच उघडून-बंद करून पाहिली. मेलेला काटा. सुखदेव माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मंग कोन होता गा?" मी म्हटलं, "चाल, ऊन झालं."

हे मी इतक्या वर्षांत कोणाला लिहून दिलं नाही. आता देतो ते मागच्या पोळ्यामुळे. मी आता घरीच असतो. पोळा झाला अन् दुसऱ्या दिवशी सकाळी हिरालाल दारात उभा. जबडा एका अंगानं वाकडा, माझंच काम. बायको आत चहाला गेली, मी उठलो नाही. वाटलं, मारायला आला असेल तर मारू दे.

तो खाटेच्या काठावर बसला. "शिव्या द्याले नाही आलो. एकच इचारतो. तवा काऊन नाही हालला तू? चाबी काऊन घेऊन गेला?"

मी सगळं सांगितलं, इथं लिहिलं तसंच. तो हसेल असं वाटलं. हसला नाही.

"तीनदा?"

"तीनदा. मंग थांबला. मंग तीनदा."

तो म्हणाला, "माह्या बैलाईनं बी लय झटके देल्ले. एकानं अर्धा खांब उपटला होता. मान कापली गेली होती दाव्यानं. किती झटके देल्ले असन, मोज तूच." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ते काऊन नाही आले गा तुह्या काट्यावर?"

चहा आला. त्यानं घेतला नाही. उठून गेला.

सुखदेवला ओढून आणल्याचा मला पस्तावा नाही, आजही आणीन. पण ज्यानं कोणी तो काटा हालवला, त्याला गोदामातला एक माणूस दिसला अन् पलीकडची सात घरं दिसली नाहीत, हे कसं... मला सांगता येत नाही. मी पुष्कळ डोकं फोडलं.

तुमच्यापैकी कोणाला उत्तर सापडलं तर मला नका कळवू. त्या टोलीत जा, अन् हिरालालला सांगा.