गोठ्यातले वाचन

“दमानं घ्या, मास्तर. पोर भ्यालं की अक्षर पळतं,” असे म्हणून तो शेतकरी पालथ्या हाताने आपल्या झुपकेदार मिशा पुसायचा.

पुणतांब्याला माझी पहिलीच नेमणूक होती. लढाईमुळे रॉकेल मिळत नसे. तरी दिवेलागणीला प्रत्येक घरातून वाचण्याचा आवाज आलाच पाहिजे, असा माझा हुकूम. मी काठी आपटत गल्लीतून फिरायचो. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील.

त्या शेतकऱ्याच्या घरातून बारीक आवाजात धडा न चुकता ऐकू यायचा. पण त्याची आईविना वाढणारी मुलगी वर्गात माझ्यापुढे तोंड उघडत नसे. “घरी पोपट, इथे मुकी?” असे म्हणून मी तिच्या हातावर पट्टी मारायचो.

एका संध्याकाळी मी दारातून डोकावलो. तो आडदांड शेतकरी मांडी घालून, बायकी आवाज काढून एकटाच धडा म्हणत होता. मला पाहून ओशाळला.

“शेजारचं पोर वाचतं, ते ऐकून पाठ झालं. मला कुठं वाचता येतंय?”

“आणि मुलगी?”

“गोठ्यात हाय. तुमची काठी वाजली की तिला कापरं भरतं. तुमी पुढं गेला की बैलापाशी बसून वाचती. मी ऐकतो. लई ग्वाड वाचती. तिला वर्गात उभी करू नका, मास्तर.”

“मग परीक्षेला बैलालाच पाठवा,” मी म्हणालो.

शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा मी सर्वांत आधी तिलाच उभे केले. बापाने मला फसवले याचा राग होता. “आज बापाचा आवाज नाही हं,” मी म्हणालो. पोरे हसली. तिचा परकर ओला झाला आणि ती नदीकडे पळत सुटली.

गोदावरीला पाणी होते. सारा गाव काठाने हाका मारत होता. मीही धावत होतो. खरे सांगतो, माझी अर्धी भीती नोकरीची होती. साहेबांनी विचारले, तेव्हा मी सांगून टाकले, “बापालाच मुलीचं शिक्षण नको आहे. घरी पुस्तक हातात देत नाही.”

सांजेला ती उसात सापडली. माझे बोलणे मात्र गावात तसेच राहिले. ते खोटे होते. लेकराचे वाचन रोज ऐकणारा बाप त्या गावात मला तो एकच दिसला.

पुढे ती दोघे त्याच्या बहिणीच्या गावी राहायला निघाली. भरलेली बैलगाडी शाळेबाहेर उभी करून तो हातात चाबूक घेऊन आत आला. मी टेबलामागे सरकलो.

“दुसरीचं पुस्तक द्याल का? पहिलं तिचं वाचून झालं.”

मी दिले. ते मुंडाशात खोचून तो हळूच म्हणाला, “तुमी भाईर येऊ नका, मास्तर.”

गाडी लगेच हलली नाही. थोड्या वेळाने नवा धडा अडखळत वाचणारा आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. खिडकीत माझी सावलीही दिसू नये म्हणून मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. चाके दूर जाईपर्यंत खोकलोही नाही.