उशिराचे कारण

दाखल्यासाठी मी तालुक्याच्या कचेरीत, पहिल्या मजल्यावर साहेबांसमोर बसलो होतो. टेबलावर हजेरीचे मस्टर होते आणि शेजारी उशिरा येणाऱ्यांची वही. त्या वहीत तीन नोंदी झाल्या की एक रजा कापली जाते.

जिन्यावर कुबड्यांचा आवाज आला. टपाल सांभाळणाऱ्या सुमनताईंना मी दहाच्या ठोक्याला तळमजल्यावर त्यांच्या टेबलाशी पाहिले होते. केवळ सहीसाठी त्या एकेक पायरी चढत होत्या.

"ताई, कशाला दमता? तुमची सही मीच ठोकतो की!" शिपाई म्हणाला.

"नको, पांडूकाका. मस्टर खाली आणा, सही माझी मी करीन."

"मस्टर खाली नेण्याची पद्धत नाही," म्हणत साहेबांनी वर पोहोचलेल्या सुमनताईंपुढे उशिराची वही सरकवली.

मी वहीत डोकावलो. इतरांची कारणे बदलती होती: एस.टी. चुकली, पाहुणे आले, डोके दुखले. सुमनताईंच्या नावापुढे मात्र प्रत्येक वेळी एकच शब्द होता: जिना.

मी वर्गात तीस वर्षे हजेरी घेतली. मूल बसल्या जागेवरून 'हजर' म्हणे आणि मी ते मानत असे. येथे माणूस दहाच्या ठोक्याला हजर होता. मस्टरच त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

सुमनताईंनी वळणदार अक्षरात पुन्हा 'जिना' लिहिले.

"रोज तेच काय लिहिता?" साहेब वैतागले.

"जिना रोज तोच आहे, साहेब."

"अशाने आणखी एक रजा कापली जाईल."

"कापा," कुबड्या सावरत त्या म्हणाल्या, "कारण मात्र खोडायचे नाही."