खडूचा चौकोन

प्रयोगाच्या खोलीचं दार उघडलं तर करपल्याचा वास. दिव्यांखालच्या टोमॅटोच्या रोपांचे शेंडे पांढरेफटक पडले होते, पानं जळून मुडपली होती.

"भाजून काढलीत की हो मॅडम," कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या.

मी भडकले. रोज सकाळी टेबलावर खडूने आखलेल्या चौकोनात प्रकाशमापक ठेवून मी आकडा लिहीत होते. आकडा उतरला की दिवे वाढवून पुन्हा जागेवर आणत होते. "मग हे काय खोटं आहे?" म्हणत मी मापक त्यांच्यापुढे आपटला. त्यांनी तो उचलून रोपाच्या शेंड्याशी धरला. आकडा तिप्पट झाला.

आकडा उतरत होता तो पानांची सावली टेबलावर पडत होती म्हणून. म्हणजे रोप जेवढं वाढलं, तेवढं मी त्याला जास्त झोडपलं, आणि वहीत सगळं बरोबर लिहिलं.

प्रकाशाला आपण हात जोडतो. पण पानावर तो गारांसारखा कोसळतो. पान झेपतील तेवढ्या गारांची साखर करतं, उरलेल्या त्याला फोडतात. बाहेरच्या झाडाला निदान ढग असतो, संध्याकाळ असते. इथे फक्त मी होते, त्याचं भलं करणारी.

संतापाने एक रोप उपटायला हात घातला. शेंड्यापाशीच तळव्याला दिव्यांचा चटका बसला आणि मी हात झटकन मागे घेतला.

मला तो मागे घेता आला.