सोमनाथची उंची आणि माझ्या चौकशा

तुम्ही हसणार हे मला माहीत आहे, तरी सांगतो. मी नाही सांगितलं तर दुसरा कोणीतरी सांगेल, आणि तो वर आणखी तिखटमीठ लावेल. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. चहा मात्र तुमच्याकडून!

मी धाराशिवच्या एका छोट्या दैनिकात खेळाच्या बातम्या लिहितो. खेळाच्या म्हणजे कुस्तीच्या. जत्रेतल्या फडात कोणी कोणाला कोणत्या डावावर आस्मान दाखवलं, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या इथं कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धा भरल्या, आणि फायनलला धाराशिवच्या कॉलेजसमोर आलं कोण? लोहारा! एवढासा तालुका, आणि त्यांच्या पोरांनी भल्या भल्या कॉलेजांना घरचा रस्ता दाखवलेला.

संपादक म्हणाले, "मॅचच्या आधी झकास काहीतरी लिहा. कोण जिंकणार, का जिंकणार. लोकांना उत्सुकता वाटली पाहिजे."

लोकांचं सोडा हो, उत्सुकता मलाच वाटायला लागली. माझा स्वभावच तसला. एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाच्या विहिरीला पाणी किती, त्याची बहीण कुठं दिली, हे तो उतरायच्या आत मला कळलेलं असतं. आमची सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुम्ही देवळात देवाला सुद्धा विचाराल, तुमचं आजोळ कुठलं?"

बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हटलं, जाऊन बघावं. मॅचच्या आदल्या दिवशी सकाळीच लोहाऱ्याला गेलो. मैदानावर त्यांचे कोच शेख सर पोरांना पळवत होते.

मी विचारलं, "सर, तुमचा हुकमी पैलवान कोण?"

"पैलवान नाही साहेब, इथं एका वेळी पाच पोरं खेळतात," सर हसले. "पण तुम्ही म्हणता तसा एक आहे. सोमनाथ. लंबाचौडा गडी. रिंगला लागून परत आलेला बॉल त्याच्याशिवाय कोणाच्या हाताला लागत नाही. उद्या तो आहे तर आम्ही आहोत. तो नाही, तर खेळ खतम!"

"कुठं आहे तो?"

"वाडीवर, घरी. दिवाळीत सुद्धा सोडलं नव्हतं त्याला, म्हटलं एक दिवस आईच्या हातचं खाऊन ये. उद्या घरून थेट धाराशिवला येईल."

आता ज्याच्या एकट्याच्या जिवावर अख्खी टीम आहे, तो गडी न बघता मी परत येईन होय? बसलो जीपमध्ये आणि गाठली वाडी.

सोमनाथचे वडील बाबूराव ओट्यावर बसले होते. मी रामराम घातला आणि म्हणालो, "धाराशिवहून आलोय. तुमच्या सोमनाथची जरा चौकशी करायची होती."

घरात कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज झाला.

माझी पहिली चूक इथंच झाली बघा. मी पेपरचा माणूस आहे, हे सांगायचंच राहिलं. कुस्तीच्या फडात मला शेंबडं पोरगंही ओळखतं, त्यामुळं ओळख सांगायची सवयच नाही. आणि तुम्ही जाणता, हल्ली आपल्याकडं शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळायची किती मारामार आहे. तिशी उलटून गेलेली पोरं गावोगाव बसून आहेत. त्यात तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. अशात एक अनोळखी, जरा बरे कपडे घातलेला माणूस शहरातून येतो आणि पोराची चौकशी करायचीय म्हणतो. त्या घरानं काय समजावं?

पण हे मला तेव्हा सुचेल तर ना!

"बसा की पाव्हणं, बसा! आवं, पाणी आणा!" बाबूरावांनी हाक मारली. सतरंजी आली, पाणी आलं, मागोमाग भिजवलेल्या चुरमुऱ्यांची गरमागरम सुशीला आली, चहा आला, दिवाळीचे उरलेले अनारसे आले. सोमनाथचे चुलते नामदेवराव शेतातून पळतच आले. मी म्हटलं, वा! काय माणसं आहेत! आणि सुरू झालो.

"उंची किती आहे हो मुलाची?"

"सहा फुटाच्या वर हाय. दारात रोज डोकं आपटतंय."

"तब्येत? कुठं काही दुखणं, गुडघा, घोटा?"

"न्हाय बा! पोतं उचलून गाडीत टाकतंय."

"व्यसन?"

"सुपारी सुद्धा न्हाय!" आतून आई बोलली.

"आणि स्वभाव कसा? चिडतो का पटकन?" मला शेख सरांनी फाऊलचं सांगितलं होतं. पोरगं चिडकं असलं तर फाऊल करून बाहेर जाणार, म्हणून विचारलं.

"गरीब गाय हाय जी," नामदेवराव म्हणाले. "मोठ्यापुढं मान वर करत न्हाय."

एवढ्यात सोमनाथच बाहेर आला. काय सांगू, पोरगं दारातून वाकून आलं आणि सरळ व्हायला त्याला जरा वेळच लागला! मी तर खूश.

"जरा चालून दाखव बरं," मी म्हणालो.

ते बिचारं ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललं.

"आता एक उडी मार. जेवढी उंच मारता येईल तेवढी."

बाबूरावांनी नामदेवरावांकडं बघितलं. नामदेवराव हळूच म्हणाले, "मार की रं. हल्ली बघत असतील."

सोमनाथनं उडी मारली. पत्र्याच्या आढ्याला हात लावून खाली आला. मी त्याचा पंजा माझ्या पंजाला लावून मापला, दंड दाबून बघितले. दारामागं त्याची आई पदर डोळ्याला लावत होती. मला वाटलं, चुलीचा धूर गेला असेल!

मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. गाव कुठलं, आडनाव काय, मामा कुठले, लेकरं किती.

"एकच मुलगी. केतकी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे."

"अन् घर?"

"स्वतःचं आहे. स्टँडच्या मागं, कुणालाही विचारा."

इतकी वर्षं मी लोकांना विचारत आलो, मला कोणी विचारलंच नव्हतं हो! शेवटी आपल्यासारखी चौकस माणसं भेटली म्हणून मला कोण आनंद झाला. मी अगदी आजोळापर्यंतची उत्तरं दिली.

निघताना त्यांनी मला कुंकू लावलं, टोपी घातली, टॉवेल-नारळ दिला. मी म्हटलं, पेपरवाल्याला एवढा मान! भारावून गेलो आणि बाबूरावांचा हात धरून म्हणालो, "तुमच्या पोराला तोड नाही. उद्या सगळेच या धाराशिवला. आधी आमच्या घरी या, चहापाणी करू, मग पुढचं बघू."

सोमनाथ काहीतरी पुटपुटला. नामदेवराव त्याच्यावर खेकसले, "गप! मोठी माणसं बोलायलेत न्हवं?"

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा लेख झळकला. सोमनाथचा फोटो, आणि वर ठळक मथळा: 'सोमनाथ असताना लोहाऱ्याला अडवणार कोण?' मी ऐटीत स्टेडियमवर गेलो. चहापाण्याचं आमंत्रण मी साफ विसरलो होतो. घरी बोललोही नव्हतो.

शेख सर तोच पेपर हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते. चेहरा पांढराफटक.

"साहेब, सोमनाथ आला नाही! फोन बंद लागतोय. आता कसं करू मी? या पोरांनी वर्षभर घाम गाळलाय हो."

मी त्यांना धीर देत होतो, एवढ्यात माझाच फोन वाजला. सुनंदा होती. आवाज एकदम थंड.

"अहो, तुम्ही केतकीचं लग्न ठरवलंत?"

"काय?"

"जीप भरून माणसं आलीत. हॉलमध्ये जागा नाही, दोघं जिन्यात बसलीत. मुलगा एवढा उंच आहे की मला पंखा बंद करावा लागला!"

आता मात्र माझी ट्यूब पेटली. उंची, तब्येत, व्यसन, चालून दाखव... अरे देवा! शेख सरांचा हुकमी गडी माझ्या घरात चिवडा खात बसला होता, आणि त्याला तिथं मीच नेऊन बसवला होता!

"बाबूरावांना फोन दे," मी म्हणालो. "बाबूराव, अहो आज सोमनाथची मॅच आहे. त्याला लगेच इकडं धाडा!"

"चेंडू काय पाव्हणं, कवा बी खेळता येतोय," बाबूराव खुशीत होते. "आवं, सोमनाथच्या आईनं रामलिंगाला नारळ बोललाय, हे जमू दे मनून. पोरगी लई गुणाची दिसतीय बगा तुमची."

आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं? 'मी बातमीसाठी आलो होतो' हे शब्द ओठापर्यंत आले, आणि त्या माऊलीचा पदर आठवून तिथंच अडकले. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "बरं."

बरं! जीभ झडली नाही माझी!

सुनंदानं फोन परत घेतला. "दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलंय. चुलते म्हणाले, हल्ली तशी पद्धत आहे. तुम्ही आधी घरी या, मग बघते तुमच्याकडं."

तिकडं शिट्टी वाजली, मॅच सुरू झाली. लोहाऱ्याची पोरं जीव तोडून पळत होती, पण रिंगला लागून आलेला प्रत्येक बॉल धाराशिवच्या हातात. बघता बघता ती पोरं मागं पडली. शेख सर माझ्याकडं बघतही नव्हते. बरं वाटेना हो मला. असं वाटलं, उठावं आणि लांब येडशीला जाऊन स्टेशनवर बसावं.

आणि अचानक गेटमधून एक स्कूटी आत आली. चालवत होती आमची केतकी! मागं सोमनाथ, दोन्ही गुडघे दोन्हीकडं बाहेर आलेले, अंगात नवा कोरा शर्ट, कडक इस्त्रीची पॅन्ट आणि खाली खेळाचे बूट. नवीन चपला घाल म्हणून आई रागावली होती म्हणे, पण तेवढं एक त्यानं ऐकलं नव्हतं.

"घ्या तुमचा खेळाडू!" केतकी माझ्यावर कडाडली. "गच्चीवर गेल्या गेल्या हात जोडून म्हणतो, 'ताई, माझी मॅच हाय हो.' मुलगी बघायला आलाय, आणि ताई! सकाळीच तुमच्या लेखात फोटो बघितला होता, म्हणून ओळखला. मागच्या जिन्यानं घेऊन आले."

सोमनाथ कपडे बदलून मैदानात उतरतो न उतरतो तोच परत सुनंदाचा फोन. आता ती रडत होती.

"अहो, केतकी पळून गेली! त्या मुलाबरोबर!"

"अगं, ज्याच्याशी लग्न ठरवायला सगळे बसलेत, त्याच्याबरोबर पळून कशाला जाईल?"

"ते मला माहीत नाही! चुलते म्हणायलेत, घराण्याची अब्रू गेली!"

"सगळ्यांना घेऊन स्टेडियमवर ये. पोरं इथंच आहेत."

पाहुण्यांची जीप धुरळा उडवत आली. बाबूराव खाली उतरले ते लाल डोळ्यांनी तडक माझ्याकडं. "कुठाय माझं पोरगं?"

मी नुसतं बोट दाखवलं. त्याच क्षणी सोमनाथनं झेप घेतली. चार पोरांच्या डोक्यावरून बॉल काढला आणि तसाच रिंगमध्ये टाकला. स्टेडियम दणाणलं.

बाबूराव होते तिथंच थांबले. मग हळूच पायरीवर बसले. "ह्ये करतंय व्हय रोज कॉलेजात?" एवढंच म्हणाले. त्यांनी आजवर पोराला खेळताना बघितलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, माझेही आले. नामदेवराव तर अब्रू वगैरे विसरून बाकावर उभे राहिले. सोमनाथची आई ओरडायला लागली, "सोम्या, सोडू नको! तुजाच हाय त्यो!"

लोहारा वर चढत चढत बरोबरीला आलं. शेवटचे काही क्षण उरलेले. बॉल सोमनाथच्या हातात. मी श्वास रोखला, आणि सुनंदानं माझी बाही ओढली. "आधी मला सांगा, हे काय प्रकरण आहे?"

मी वळून तोंड उघडलं, आणि मागं एकच गलका झाला. लोहारा जिंकलं! अर्धं पान भरून लेख लिहिणारा मी, आणि शेवटचा बास्केट काही मी बघितला नाही. कसा टाकला, कुठून टाकला, हे सगळ्यांना विचारत हिंडलो.

गर्दी ओसरल्यावर बाबूरावांसमोर हात जोडले. पेपर दाखवला आणि सगळं खरं सांगून टाकलं. ते पोराच्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ते एकदम खदखदून हसले.

"आरं तिच्या! तरीच मी म्हणलो, उडी कशाला मारायला लावली!"

माझा जीव भांड्यात पडला. बाबूरावांनी पेपरची घडी करून खिशात घातली आणि मला जरा बाजूला घेतलं.

"पाव्हणं, पोरगी लाख मोलाची हाय तुमची. माझ्या लेकराला येळंवर पोचवलं तिनं. पण राग नका मानू, स्थळ खरं असतं तरी आमचं जमलं नसतं. पोरगी बगू मनून आलो, पण घरात सगळ्याला एक शंका हुती."

"कसली शंका?"

"सासऱ्याची. लई चौकशा करतोय ब्वा ह्यो माणूस. जन्मभर कोण उत्तरं देत बसंल?"

घ्या! मी कधी न मागितलेलं स्थळ, आणि नकार आला तोही मुलीला नाही, मला! मागं केतकी पोट धरून हसत होती. आता शहाण्या माणसानं गप्प बसून घरी जावं की नाही? पण माझ्या तोंडून निघूनच गेलं, "बाबूराव, ही शंका नेमकी पहिल्यांदा काढली कोणी? आणि कधी, काल रात्री जेवणाच्या आधी की नंतर?"