सगळ्यांच्याच तोंडावर

दवाखान्यात जंतुनाशकाचा उग्र वास आला की मला दहावीतली ती दुपार आठवते. माझे दोन्ही गाल तेव्हा पिकलेल्या मुरमांनी भरले होते. ताईला बघायला पाहुणे येणार, म्हणून आईने माझा टॉवेल, साबण वेगळा केला. "पाहुणे जाईस्तोर मागच्या खोलीतच ऱ्हाय. ताईला लागलं तर?" मी न्हाणीत शिरले आणि पाण्यात मिसळून जखमेवर लावायचं जंतुनाशक पाणी न घालताच तोंडाला चोळलं, जंतू एकदाचे मरू देत, नाहीतर मी तरी. कातडी पेटल्यासारखी झाली. किंकाळी ऐकून ताई धावत आली आणि नेसलेल्या नव्या साडीनिशीच मला कळमनुरीच्या बसमध्ये घेऊन बसली. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चिडल्याच. "हे जंतू सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतात, माझ्याही. वयात येताना तेल वाढतं, छिद्रं बुजतात, मग त्यातलेच काही उलटतात. मुरमं एकाची दुसऱ्याला लागत नाहीत. तू तर राखण करणारे जंतूही जाळलेस." "म्हंजे माझ्याबी तोंडावर हायेत?" ताईने विचारलं. "आहेत ना." बाहेरच्या बाकावर ताईने आपला गाल माझ्या भाजलेल्या गालाला टेकवला. फार झोंबलं, पण मी हलले नाही. कितीतरी महिन्यांत माझ्या तोंडाला कुणी शिवलं नव्हतं. घरी पोचलो तेव्हा पाहुणे वाट बघून निघून गेले होते. ते स्थळ गेलं ते गेलंच. ताईला ते आवडलं होतं का, हे विचारायचं धाडस मला आजही होत नाही.